गल्लीचा आराखडा कोणी काढायचा? रहिवासी आणि पालिका मिळून रस्ता बदलतात तेव्हा

वाटसरू (धागाकर्ता)

रस्त्याचं काम निघालं की पुढचा क्रम ठरलेला असतो. पालिका सल्लागार नेमते, सल्लागार आराखडा काढतो, आराखडा कार्यालयातल्या फलकावर लागतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि त्यांची मुदत संपायच्या आत टेंडरची तयारी झालेली असते. ज्यांच्या दारात खोदायचं त्यांना पहिली खबर जेसीबीच्या आवाजाने मिळते. मग सगळं भांडण ‘हो’ की ‘नाही’ एवढ्यावरच येऊन ठेपतं, कारण बदलता येईल असं काही शिल्लकच राहिलेलं नसतं.

हा धागा त्या क्रमाबद्दल आहे. तयार आराखड्यावर रहिवाशांचं मत घेणं वेगळं आणि रहिवाशांसोबत बसून आराखडा काढणं वेगळं. ज्या गल्ल्या खरोखर सुधारल्या आणि सुधारलेल्या राहिल्या, तिथे बहुतेक वेळा दुसरी गोष्ट घडलेली दिसते.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या जुन्या वस्त्यांतून मोटारी भरधाव जाऊ लागल्या होत्या आणि रहिवासी वैतागले होते. पालिकेतला योस्ट वाल हा अभियंता त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि रस्त्याची घडीच बदलली गेली. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत आले. मधे झाडं आली, बाक आले. पार्किंगच्या जागा कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या, अशा ठेवल्या की गाडीला सरळ रेषेत पळताच येऊ नये. वूनर्फ म्हणतात ती हीच गल्ली. १९७६ मध्ये देशाच्या कायद्याने तिला मान्यता दिली: पायी चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी मोकळी, मुलांना खेळायची मुभा, गाडी चालण्याच्या वेगानेच हाकायची, आणि पार्किंग आखलेल्या जागीच. कायदा मागाहून आला. गल्ली आधी बदलली होती.

तो काळही लक्षात घ्या. १९७१ साली नेदरलँड्ससारख्या छोट्या देशात रस्त्यावर ३,००० हून जास्त माणसं गेली आणि त्यात ४०० हून जास्त मुलं होती. ‘स्टॉप डे किंडरमोर्ड’ (मुलांची हत्या थांबवा) ही पालकांची चळवळ त्यातूनच उभी राहिली. लोक रस्त्यावर आले, रस्ते अडवून बसले, आणि हळूहळू पालिकांना त्यांच्याशी बोलावंच लागलं.

गल्लीतल्या वाहतुकीने अपघातापलीकडेही बरंच काही जातं. डोनाल्ड ॲपलयार्ड या शहर-अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावर दिवसाला साधारण २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९. घरं तशीच, माणसं तशीच, फरक फक्त दारासमोरून जाणाऱ्या गाड्यांचा. हा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तर मंडळी, रहिवासी आणि पालिका यांनी मिळून काम करायचं तर प्रत्यक्षात कसं? कुठे अडतं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा.


मोजपट्टी

धागा वाचून बरं वाटलं. मी निवृत्तीपर्यंत रस्ते विभागातच होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो.

रहिवाशांना वाटतं अभियंता मुद्दाम ‘नाही’ म्हणतो. बऱ्याचदा तो ‘नाही’ म्हणतो ते जमिनीखालच्या गोष्टींमुळे. झाड हवं तिथून पाण्याची मोठी वाहिनी गेलेली असते. फुटपाथ पुढे काढायचा तिथे गटाराची जाळी असते, ती हलवली नाही तर पहिल्या पावसात तळं साचतं. विजेच्या केबली, गॅस, टेलिफोनची चेंबरं, या सगळ्यांचे नकाशे वेगवेगळ्या खात्यांकडे आणि निम्मे चुकीचे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की हे नकाशे पहिल्याच बैठकीत टेबलावर पसरा, रहिवाशांसमोर. झाड इथे का नाही हे एकदा डोळ्यांनी दिसलं की लोक स्वतःच दोन पावलं पुढची जागा सुचवतात. लपवलं तर संशय वाढतो.

दुसरं, नकाशावर बोलू नका, रस्त्यावर बोला. १:२०० प्रमाणातला आराखडा वाचणं सोपं नाही, शिकलेल्यांनाही जमत नाही. त्यापेक्षा खडू आणि टेप घेऊन सकाळी लवकर गल्लीत उतरावं आणि नवी कड खऱ्या मापात जमिनीवर आखावी. कोपऱ्यावरचा गोलावा कमी करायचा असेल तर तो आखावा आणि मग कचऱ्याची गाडी बोलावून त्या रेषेवरून वळवून बघावी. मी हे केलेलं आहे. ड्रायव्हरने दोनदा वळवून दाखवली आणि तिसऱ्यांदा खाली उतरून स्वतःच खडूने रेष वीतभर आत सरकवली. ती वीतभर सल्लागाराच्या संगणकात सापडली नसती. उरलेला सगळा कोपरा पायी चालणाऱ्यांना मिळाला.

हा गोलावा किरकोळ वाटतो, पण वळणाचा वेग तोच ठरवतो. कोपरा जितका ऐसपैस तितकी गाडी ब्रेक न लावता वळते, आणि रस्ता ओलांडणाऱ्याला चालायचं अंतरही तितकंच वाढतं.

वेगाचं गणितही पहिल्याच सभेत सांगून टाकावं. ताशी ३० किमीने येणारी गाडी, चालकाला भान यायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीचे पहिले १४ मीटर त्या एका सेकंदातच जातात. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा सांगितली आहे ती याचसाठी. पण नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. रस्त्याची रुंदी, वळणं, पातळी यांनी उतरतो.


कुंपण

वाटसरू, तळमळ पोचली. पण दुसरी बाजू कोणी मांडत नाही म्हणून मांडतो.

माझं घर आतल्या शांत गल्लीत नाही, मोठ्या रस्त्यावर आहे. आतल्या गल्ल्या बंद केल्या, एकेरी केल्या, कुंड्या ठेवल्या, की तिथली वाहतूक जाते कुठे? माझ्या खिडकीखाली येते. आतले लोक बाकावर बसणार आणि धूर आम्ही खाणार. शिवाय सभेला जाऊन ठराव करून घेणारे तेच, आतले. मोठ्या रस्त्यावर बहुतेक भाडेकरू राहतात, त्यांना कोण बोलावतं?

आणि दुकानदारांचं काय? लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात ऑर्फर्ड रोड गाड्यांना बंद केला तेव्हा विरोधक शवपेटी घेऊन मोर्चाने गेले होते, रस्ता मेला म्हणून. एवढा राग उगाच येत नाही. माणसाचं पोट त्या रस्त्यावर असतं.


वाटसरू (धागाकर्ता)

कुंपण, तुमचा प्रश्न या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी दिलासा देणारी बाजू. रस्त्याची जागा गाड्यांकडून काढून घेतली की वाहतूक जशीच्या तशी शेजारी जाते हे खरं नाही. सॅली केर्न्स, स्टीफन ॲटकिन्स आणि फिल गुडविन या वाहतूक-अभ्यासकांनी २००२ मध्ये अनेक देशांतली ७० हून जास्त उदाहरणं तपासली होती. बदललेला रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते एकत्र धरले तरी निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्के किंवा त्याहून जास्त घटली होती. कोणी वेळ बदलतो, कोणी दोन फेऱ्यांची एक करतो, कोणी जवळच्या जवळ चालत जातो.

पण म्हणून तुमची काळजी खोटी ठरत नाही. ती सगळ्या परिसराची बेरीज होती. एखाद्या विशिष्ट मोठ्या रस्त्यावर गाड्या वाढू शकतात आणि काही ठिकाणी वाढल्या आहेत, वॉल्थम फॉरेस्टच्या सीमेवरच्या काही रस्त्यांवरसुद्धा. म्हणून मला वाटतं आराखड्याची हद्द गल्लीपाशी संपूच नये. ज्या मोठ्या रस्त्यावर भार पडणार तिथले रहिवासी पहिल्या दिवसापासून बैठकीत हवेत, आणि त्याच अंदाजपत्रकात त्यांच्यासाठीही काही हवं: रुंद फुटपाथ, ओलांडायला जास्त जागा, बसला वेगळी मार्गिका, सिग्नलला पायी चालणाऱ्यांसाठी जास्त सेकंद. ते नसेल तर विरोध करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ऑर्फर्ड रोडबद्दल सांगायचं तर तो रस्ता आजही चालतो आहे, दुकानंही आहेत. पण शवपेटीपर्यंत गोष्ट का गेली हे तुम्ही विचारलंत ते योग्यच. भीती खरी होती आणि ती आधी ऐकून घ्यायला हवी होती. दुकानदाराला ‘गिऱ्हाईक वाढेल’ असं सांगू नये. माल उतरवायची गाडी किती वाजता येते, किती वेळ थांबते, कुठे उभी राहते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावं आणि ती जागा आराखड्यात आधी आखावी, बाक नंतर.


पांढरी काठी

वर वूनर्फबद्दल वाचलं. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत, सगळ्यांची जागा सामाईक. ऐकायला छान वाटतं. मला दिसत नाही, आणि माझ्यासाठी तो रस्ता फार अवघड असतो.

मी फुटपाथच्या कडेवरून चालते. काठी कडेला लागली की मला कळतं, इथे माझी जागा संपली आणि गाड्यांची सुरू झाली. ती कड काढून टाकलीत की माझ्यासाठी रस्ताच पुसून टाकलात. सामाईक जागेत चालक आणि चालणारे नजरेने एकमेकांना समजून घेतात असं सांगतात. मी कोणाकडे बघून समजून घेऊ?

ब्रिटनमध्ये यावर बरंच काम झालं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या चाचण्यांत असं दिसलं की कड निदान ६० मिलिमीटर उंच असेल तर अंध व्यक्तींना ती खात्रीने ओळखू येते. त्याहून बुटकी असली तर निसटते. २०१५ मध्ये तिथल्या संसदेतले ख्रिस होम्स, जे स्वतः अंध आहेत, त्यांनी या योजनांविरुद्ध अहवाल काढला आणि २०१८ मध्ये सरकारने कड काढून टाकणाऱ्या नव्या योजना थांबवायला सांगितल्या.

गंमत नाही ही. आराखड्यात आम्ही नव्हतो म्हणून झालेले रस्ते पुन्हा खोदावे लागले. आम्हाला बोलावलं असतं तर एका सकाळी सांगितलं असतं. आणि बोलवायचं म्हणजे नकाशा समोर ठेवून नव्हे. मला नकाशा दिसत नाही. हातात घेता येईल असा उठावाचा नमुना करा, नाहीतर माझ्यासोबत ती गल्ली चाला.


मोजपट्टी

पांढरी काठी ताई, अगदी खरं. यातला पेच जाणकारांसाठी लिहितो, कारण तो बैठकीतच सुटतो. व्हीलचेअरला कड नको असते, उतार हवा असतो, आणि तोही बेताचा, १२ ला १ पेक्षा तीव्र नाही. काठीला कड हवी असते. दोघांना समोरासमोर बसवलं की उत्तर निघतं: कड सगळीकडे ठेवायची, ओलांडायच्या जागी उतार द्यायचा आणि त्या उताराच्या तोंडाशी उठावाच्या फरशा बसवायच्या, म्हणजे पायाला आणि काठीला कळतं. एकालाच बोलावलं तर दुसऱ्याचं नुकसान ठरलेलं.


साधासुधा

मस्त चर्चा चालू आहे, वाचतोय. एक शंका. गल्लीत कुंड्या, खांब वगैरे लावल्यावर अग्निशमनची गाडी आणि ॲम्ब्युलन्स कशी जाणार? आमच्याकडे प्रत्येक सभा याच प्रश्नावर मोडते.


मोजपट्टी

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अग्निशमन दलानेच द्यायचं. सभेत अंदाज बांधत बसू नये. गाडीला साधारण साडेतीन ते चार मीटर मोकळी वाट लागते. तेवढी ठेवून बाकी जागेत हवं ते करता येतं. जिथे आरपार रस्ता बंद करायचा तिथे काढता येणारे किंवा किल्लीने पाडता येणारे खांब लावतात आणि किल्ली दलाकडे असते. गतिरोधकाऐवजी उशीसारखे छोटे चौथरे घातले तर मोठ्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि मोटारीचं एक तरी चाक वर चढतं.

वॉल्थम फॉरेस्टमध्ये अग्निशमनच्या नोंदी काढून अभ्यास झालेला आहे. गल्ल्या आरपार वाहतुकीला बंद करायच्या तिथल्या योजनेच्या आतल्या भागात गाडी पोचायला लागणारा वेळ वाढलेला दिसला नाही. उशीर झाला तेव्हा चालकांनी कारण म्हणून रस्त्यातले अडथळे आधीपेक्षा जास्त वेळा लिहिले होते, हेही त्यातच नोंदलेलं आहे. एकूण वेळ मात्र तोच राहिला. एक विसरू नका, वाट बहुतेक वेळा अडते ती दुहेरी लावलेल्या गाड्यांनी.


ओसरी

या सगळ्यात ‘रहिवासी’ हा शब्द आपण फार सहज वापरतोय. सभेला येणारे कोण असतात? संध्याकाळी सातला मोकळे असलेले, बोलायची सवय असलेले, स्वतःचं घर असलेले. स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सोडून येणारी बाई क्वचित. रात्रपाळी करणारा नाही, भाडेकरू नाही, शाळकरी मुलं तर नाहीतच, जी गल्ली सगळ्यात जास्त पायाखाली घालतात.

व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात शहर नियोजनातल्या बायकांनी हाच मुद्दा लावून धरला. लोक शहरात कसे फिरतात हे विचारलं तेव्हा दिसलं की पुरुषांची फेरी बहुतांशी सरळ: घर, काम, घर. बायकांची फेरी तुकड्यातुकड्यांची: मुलाला सोडणं, आजारी माणसाला दवाखान्यात नेणं, येताना सामान, वाटेत सासूबाईंकडे डोकावणं, आणि त्यातलं बरंचसं पायी. रस्ते आखले जात होते पहिल्या फेरीसाठी. मग मारियाहिल्फ विभाग प्रयोगासाठी निवडला. फुटपाथ रुंद केले, अंधाऱ्या जागी दिवे लावले, बाबागाडी अडते त्या जागा मोकळ्या केल्या, बसायला बाक दिले. फार मोठा खर्च नाही, फार मोठी क्रांती नाही. पण चालणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय यातली एकही गोष्ट कोणाला सुचली नव्हती.

मतदान घेतलं की प्रश्न सुटतो असंही नाही. पॅरिसमध्ये मार्च २०२५ मध्ये आणखी ५०० रस्ते चालणाऱ्यांसाठी करायचे का असं विचारलं. ६६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मतदानाला आले होते जेमतेम ४ टक्के. मला स्वतःला ते रस्ते हवेसे वाटतात, तरीही ज्यांनी मत दिलं नाही ते काय म्हणतात हे कळायला हवं असं वाटतं.

म्हणून माझा आग्रह असा की सभेची वाट बघू नका, लोक असतात तिथे जा. शाळा सुटते तेव्हा फाटकाबाहेर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत. मुलांना गल्लीचं चित्र काढायला द्या आणि घाबरायला होतं तिथे लाल खूण करायला सांगा. सगळ्या लाल खुणा एकाच कोपऱ्यावर आल्या की मोठ्यांचं भांडण बरंच निवतं.


पिंपळपार

ओसरी, मुलांबद्दल लिहिलंत म्हणून भर घालते.

ब्रिस्टल शहरात २००९ मध्ये शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन आयांनी आपली गल्ली शाळा सुटल्यावर थोड्या वेळासाठी गाड्यांना बंद ठेवली, मुलांना खेळता यावं म्हणून. पद्धत अगदी साधी: आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी चिठ्ठी, मग पालिकेची परवानगी, मग दोन्ही टोकांना अंगात चकाकणारी जाकिटं घातलेले शेजारी उभे. गल्लीतल्याच कोणाला गाडी घेऊन घरी जायचं असेल तर अडवायचं नाही. शिट्टी वाजवून मुलांना बाजूला घ्यायचं आणि एकाने गाडीपुढे चालत जाऊन ती पोचवायची. २०११ पासून तिथल्या पालिकेने अशा गल्ल्यांसाठी वेगळा सोपा परवाना सुरू केला आणि ‘प्लेइंग आउट’ या संस्थेमार्फत ही पद्धत ब्रिटनभर पसरली.

रस्त्यात एक वीटही न हलवता हे होतं. पण ते दोन तास शेजाऱ्यांना रिकामी गल्ली दिसते, आणि मग ‘कायमचं काही करता येईल का’ हा प्रश्न पालिकेने विचारावा लागत नाही. लोकच विचारतात.

बेल्जियमच्या गेंटमध्ये २०१३ पासून काही वर्षं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. एखाद्या गल्लीने ठरवायचं, शेजाऱ्यांची मनं वळवायची, गाड्यांसाठी जवळपास दुसरी जागा शोधायची, आणि मग उन्हाळ्याचे काही आठवडे गल्ली गाड्यांविना. शेजाऱ्यांशी बोलायचं काम पालिकेने अंगावर घेतलं नाही, ते गल्लीवरच सोडलं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. पालिकेच्या माणसाला जो दार लावून घेतो, तो समोरच्या काकूंना लावत नाही.


कुंपण

पिंपळपार, तात्पुरतं करून बघण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘तात्पुरतं’ सांगून कायमचं करण्याला. प्रयोग म्हणता तर तो फसू शकतो हेही आधी मान्य करा. कधी काढणार, कशावरून काढणार, हे सुरू करायच्या आधी लिहून द्या.


वाटसरू (धागाकर्ता)

कुंपण, शंभर टक्के. इंग्लंडमध्ये यासाठी प्रायोगिक आदेशाची तरतूद आहे. तो जास्तीत जास्त १८ महिने चालतो, त्या काळात हरकती घ्यायच्या आणि शेवटी कायम करायचं की उचलायचं ते ठरवायचं. २०२० मध्ये महामारीच्या घाईत याच तरतुदीखाली लंडनभर गल्ल्या बंद केल्या गेल्या. घाई एवढी की अनेक ठिकाणी लोकांना कुंड्या आल्यावरच कळलं. लंडनमधल्याच ईलिंगच्या पालिकेने रहिवाशांचं मत घेतल्यावर २०२१ मध्ये आपल्या हद्दीतल्या अशा बहुतेक योजना काढून टाकल्या. तरतूद तीच, पण क्रम उलटा.

बार्सिलोनाच्या पोब्लेनाऊ वस्तीत २०१६ मध्येही असंच झालं. इमारतींच्या नऊ चौकोनी ठोकळ्यांचा एक मोठा गट, आतून आरपार वाहतूक बंद, सगळं रंग आणि कुंड्यांनी रातोरात मांडलेलं. लोक भडकले, बाल्कन्यांवर फलक लागले. पण सामान हलकं होतं म्हणून बदलता आलं. पुढे रहिवाशांसोबत बसून खेळायच्या जागा, टेबलं, झाडं वाढवली आणि ती वस्ती आज तशीच आहे. तिथला धडा घेऊन नंतर त्याच शहरातल्या सांत आंतोनी वस्तीत काम आधीपासून शेजाऱ्यांना घेऊन सुरू केलं.

व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर श्ट्रासेवर २०१३ मध्ये आधी प्रयोग झाला, २०१४ मध्ये लगतच्या दोन विभागांतल्या रहिवाशांचं मतदान झालं आणि ५३.२ टक्के बाजूने आले. म्हणजे जवळपास निम्मे विरोधात होते. पण त्यांनी रस्ता अनुभवून मत दिलं होतं.

तुम्ही म्हणता तो कागद मी असा लिहीन: आधीची मोजणी (वाहनं, वेग, पायी ओलांडणारे, आतल्या आणि मोठ्या दोन्ही रस्त्यांवर), मोजायच्या तारखा, मोठ्या रस्त्यावर गाड्या अमुक टक्क्यांहून वाढल्या तर काय करायचं, आणि खाली पालिकेच्या अधिकाऱ्याची सही. मोजणीला रहिवासी बरोबर हवेत. स्वतः मोजलेल्या आकड्यावर कोणी भांडत नाही.


साधासुधा

पण मुळात पालिका एवढं ऐकेल का? आमच्याकडे सगळं ऐकून घेतात, चहा पाजतात आणि तोच आराखडा राबवतात.


ओसरी

साधासुधा, याचं वर्णन शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्येच करून ठेवलं आहे. लोकसहभागाची त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. मधल्या तीन म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि थोडंसं मान राखणं. त्यांत लोकांचं ऐकलं जातं पण निर्णय हातात येत नाही. खरा वाटा वरच्या तिघींतच. तुम्ही म्हणता तो अनुभव मधल्या पायऱ्यांवरचा आहे.

वर चढायचा एक मार्ग पैशातून जातो. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून शहराच्या गुंतवणुकीचा काही भाग कुठे खर्चायचा हे वस्त्यांच्या सभांत ठरायला लागलं. लोकांनी मागितलं काय? गटारं, पाणी, रस्त्याची फरसबंदी. आणि ज्या वस्तीत सोयी कमी तिला वाटपात जास्त वजन, असा नियम होता, म्हणून मोठ्या आवाजाच्या वस्त्या सगळं घेऊन गेल्या नाहीत. रक्कम लोकांच्या हाती असली की पालिकेला ऐकावंच लागतं. सभेत पहिला प्रश्न हाच विचारा: यातली कोणती गोष्ट अजून ठरलेली नाही आणि ती आम्ही ठरवू शकतो का? उत्तर ‘रंग कोणता’ एवढंच आलं तर ते तिथल्या तिथे इतिवृत्तात लिहून घ्या.


पांढरी काठी

ओसरी, इतिवृत्त वाचता येईल अशा स्वरूपात द्यायलाही सांगा. स्कॅन केलेला कागद माझा फोन वाचत नाही.


पिंपळपार

एक राहिलं, देखभाल. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९९६ मध्ये एका चौकातल्या शेजाऱ्यांनी मिळून चौकावर मोठं चित्र रंगवलं, कडेला बाक केला, पुस्तकांसाठी कपाट केलं. पालिकेने आधी आक्षेप घेतला, पुढे त्यासाठी नियमच केला: आसपासच्या घरांनी संमतीच्या सह्या द्यायच्या आणि मग रंगवायचं. रंग गाड्यांखाली उडतो, त्यामुळे शेजारी पुन्हा जमून रंगवतात. तिथे ते जमतं. पण सगळीकडे उत्साह टिकतो का? कुंड्यांना पाणी कोण घालणार?


मोजपट्टी

पिंपळपार, चांगलं केलंत विचारलंत. सुंदर कामं मी यामुळेच बिघडताना बघितली आहेत.

पाणी, झाडू आणि रंग यांवर रहिवासी लक्ष ठेवू शकतात, पण जबाबदारी पालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतःच्या शीर्षाखाली असायला हवी. नाहीतर उत्साही शेजारी घर बदलतात आणि कुंडीत कचरा साठतो. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्वाचा काळ असतो, त्या काळात खचलेली फरशी तोच बदलून देतो. तो काळ कधी संपतो ते गल्लीतल्या निदान दोघांना माहीत हवं.

सगळ्यात जास्त नासधूस नंतर खोदणाऱ्यांकडून होते. केबल टाकणारा येतो, नक्षीची फरसबंदी उखडतो आणि वर डांबराचा पट्टा ओतून जातो. काठीसाठी बसवलेल्या उठावाच्या फरशाही त्यातच जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खोदाईच्या परवान्यातच ‘होतं तसं करून देणे’ ही अट घाला, आणि काम चालू असतानाच त्याच घाण्यातले जास्तीचे ब्लॉक आणि फरशा मागून ठेवा. नंतर तो रंग आणि ती जाडी मिळत नाही. ते ठेवायची जागा आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.